आयफोन ४ च्या अँटेनाचा वाद: दोष फोनचा होता की हाताचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: हातात धरल्यावर कुठल्याही मोबाइलची रेंज थोडीफार कमी होतेच, मग २०१० मध्ये एकट्या आयफोन ४ वरच लोक का तुटून पडले? खरंच बिघाड होता, की बातम्यांनी फुगवलेला फुगा?

वायरलेस उपकरणांच्या चाचण्या करण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत, त्यामुळे हा वाद मी जरा जास्तच रस घेऊन वाचला होता. माझं मत आधीच सांगतो. बिघाड खरा होता, पण लोकांना वाटला तेवढा मोठा नव्हता. ‘कुठलाही फोन हातात धरला की रेंज कमी होते’ हे अॅपल कंपनीनं दिलेलं उत्तरही खरं होतं, फक्त ते विचारलेल्या प्रश्नाचं नव्हतं. आणि दोन्ही बाजू ज्या पुराव्यावर भांडत होत्या तो पुरावा, म्हणजे पडद्यावरच्या रेंजच्या दांड्या, मुळातच खोटं बोलत होता.

आधी तो फोन डोळ्यांसमोर आणा. पुढे काच, मागे काच आणि दोन्हींच्या मध्ये चारी कडांनी फिरणारी स्टेनलेस स्टीलची पट्टी. जाडी जेमतेम ९.३ मिलिमीटर. ही पट्टी शोभेची नव्हती, तीच अँटेना होती. पट्टीत बारीक काळ्या फटी होत्या. त्यातली डाव्या कडेला खालच्या बाजूची फट महत्त्वाची. तिच्या एका अंगाला वाय-फाय, ब्लूटूथ आणि जीपीएसचा तुकडा, दुसऱ्या अंगाला मोबाइल नेटवर्कचा. फोन डाव्या हातात घेतला की अंगठ्याखालचा मांसल उंचवटा नेमका त्या फटीवर येऊन बसतो. मुद्दाम काही करावं लागत नाही. उजव्या हातानं काही लिहायचं असलं की माणूस फोन सहसा डाव्याच हातात धरतो.

आता हातामुळे रेंज कमी होते म्हणजे काय होतं? यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि सगळा घोटाळा त्या एकत्र केल्यामुळे झाला.

पहिली गोष्ट म्हणजे हात लहरी शोषून घेतो. हाताच्या मांसात पाणी आणि क्षार भरपूर, त्यामुळे अँटेना आणि टॉवर यांच्या मध्ये तो आला की काही ऊर्जा तिथेच मुरते. फोन प्लॅस्टिकचा असो की धातूचा, याला सुटका नाही. कंपनी म्हणत होती ते हेच, आणि ते शंभर टक्के बरोबर होतं.

दुसरी गोष्ट फक्त उघड्या अँटेनाला लागू होते. अँटेनाची लांबी ठरावीक लहरींसाठी जुळवलेली असते, जशी तंबोऱ्याची तार सुरात लावलेली असते. तारेवर बोट ठेवलं तर तार तीच राहते, पण सूर भलताच निघतो. ओलसर त्वचा विजेची बऱ्यापैकी वाहक असते. तिनं ती फट सांधली की दोन वेगळे तुकडे जोडल्यासारखे होतात आणि जुळवणी बिघडते. यासाठी मूठ आवळायची गरज नाही, बरोबर जागी टेकलेलं एक बोट पुरतं. आतल्या अँटेनावर प्लॅस्टिकचं आवरण असलेल्या फोनला असा नाजूक बिंदू नसतो. म्हणून ‘सगळेच फोन असे असतात’ हे उत्तर अर्धंच.

हे अर्धं-पूर्ण मापून दाखवलं ते आनंदटेक या संकेतस्थळानं, जून २०१० च्या शेवटी. आयफोन ४ साधेपणानं हातात धरल्यावर रेंज १९.८ डेसिबलनं घसरली. घट्ट आवळल्यावर २४.६ नं. त्याआधीचा आयफोन ३जीएस साधेपणानं धरल्यावर १.९ नं आणि गुगलचा नेक्सस वन १०.७ नं घसरला. आता डेसिबलचा हिशेब सरळ नसतो. ३ डेसिबल गेले म्हणजे शक्ती निम्मी, १० गेले म्हणजे दहावा हिस्सा, २० गेले म्हणजे शंभरावा हिस्सा. तेव्हा १.९ आणि १९.८ यांत दहा पटींचा फरक आहे असं समजू नका. एकात सिग्नलचा निम्म्याहून जास्त भाग शिल्लक आहे, दुसऱ्यात साधारण शंभरातला एक. आणि हाच आयफोन ४ कव्हरमध्ये घालून साधेपणानं धरला तर घट ७.२ वर आली. कातडी आणि धातू यांच्यात कव्हरचा थर आला, बस्स. शोषण उरलं, बिघडलेली जुळवणी बरीचशी सुधारली.

त्याच चाचणीतली एक बाब वादाच्या गदारोळात हरवली. कमकुवत रेंजमध्ये हा फोन ३जीएसपेक्षा जास्त तग धरत होता. जिथे जुना फोन मान टाकायचा तिथे याचा कॉल टिकायचा. म्हणजे बाहेरच्या मोठ्या अँटेनाचा फायदाही खरा होता. टेबलावर ठेवल्यावर सरस आणि हातात घेतल्यावर नाजूक, असं ते विचित्र यंत्र होतं. दुर्दैवानं फोन ही हातात घ्यायची वस्तू आहे.

आता दांड्यांकडे येतो, कारण माझ्या मते खरी गंमत इथे आहे. सिग्नलची ताकद डीबीएममध्ये मोजतात; उण्याचा आकडा जितका मोठा तितका सिग्नल कमकुवत. त्या फोनवर सिग्नल साधारण उणे ५१ डीबीएमपासून उणे ११३ पर्यंत दाखवला जायचा, म्हणजे एकूण ६२ डेसिबलचा पट्टा. यातल्या पहिल्या ४० डेसिबलसाठी फोन सरसकट पाच दांड्या दाखवायचा, उणे ९१ पर्यंत. उरलेल्या २२ डेसिबलमध्ये बाकीच्या चार कोंबलेल्या. दोन माणसं घ्या. एक टॉवरजवळ राहतो, त्याच्याकडे उणे ६५ आहे. त्यानं फोन आवळला, २० डेसिबल गेले, उणे ८५ झाले. तरी पाच दांड्या! तो म्हणणार, ‘काही होत नाही, लोक उगाच बोंबलतायत.’ दुसरा लांब राहतो, त्याच्याकडे उणे ९० आहे. पडद्यावर त्याच पाच दांड्या. त्यानंही तेवढंच आवळलं, तेवढेच २० गेले आणि तो उणे ११० ला पोचला. पाचाची एक दांडी, बाकी चारांनी दांडी मारली. दोघांचा फोन सारखा, घट सारखी, सुरुवातीला दिसणारं चित्रही सारखं. दोघंही प्रामाणिक आणि एकमेकांना खोटारडे म्हणायला मोकळे. त्या उन्हाळ्यात अमेरिकेत निम्मं भांडण या दोन माणसांमधलं होतं असं मला वाटतं.

फोन २४ जून २०१० ला विक्रीला आला आणि त्याच दिवशी तक्रारी सुरू झाल्या. अॅपलचं अधिकृत म्हणणं असं आलं की कुठलाही फोन पकडला तर रेंज कमी होते. त्रास होत असेल तर खालच्या डाव्या कोपऱ्यात पट्टीच्या दोन्ही बाजू झाकल्या जातील असं धरू नका, नाहीतर कव्हर वापरा. शांतपणे वाचलं तर यात दोषाची जागा अगदी बोट ठेवून सांगितली आहे. पण सूर असा की चुकतोय तो तुमचा हात. पैसे मोजून घेतलेल्या वस्तूबाबत गिऱ्हाइकाला त्याचा हात सुधारायला सांगितलं की काय होतं, ते मग झालंच.

२ जुलैला कंपनीनं पत्र काढलं. त्यात म्हटलं की दांड्या मोजण्याचं आमचं सूत्रच साफ चुकीचं आहे हे कळल्यावर आम्ही थक्क झालो. दोन दाखवायला हव्यात तिथे कधीकधी चार दाखवल्या जातात, आणि ही चूक पहिल्या आयफोनपासून आहे. ही कबुली खरी होती, वर सांगितलेला हिशेब तेच सांगतो. पण सूत्र दुरुस्त केल्यानं अँटेना दुरुस्त होत नाही. ताप उतरत नाही म्हणून थर्मामीटर बदलण्यातला प्रकार. (त्याच पत्रात पहिल्या तीन दांड्या जरा उंच करू म्हणजे नीट दिसतील, असंही वचन होतं. मी ते तेव्हा दोनदा वाचलं होतं.) १५ जुलैला ते नवं सॉफ्टवेअर आलं.

पण त्याआधीच, १२ जुलैला, कंझ्युमर रिपोर्ट्सनं आपला निकाल दिला होता. ही अमेरिकेतली १९३६ पासूनची ना-नफा संस्था. वस्तू स्वतः दुकानातून विकत घेऊन तपासते, कंपनीकडून फुकट घेत नाही. त्यांनी तीन वेगवेगळे फोन आणले, बाहेरच्या लहरी आत येणार नाहीत अशा खोलीत नेले आणि त्या फटीवर बोट ठेवून मापलं. तक्रार खरी निघाली. ३जीएस आणि पाम प्री हे फोनही तसेच तपासले, त्यांच्यात हा दोष आढळला नाही. गंमत म्हणजे बाकीच्या गुणांत आयफोन ४ त्यांच्या स्मार्टफोनच्या यादीत सगळ्यात वर होता, तरी त्यांनी सांगितलं की आम्ही हा फोन घ्या असं सुचवू शकत नाही. उपाय म्हणून त्यांनी काय दाखवलं, तर त्या जागी जाड चिकटपट्टीचा एक तुकडा. एवढा नखरेल फोन आणि त्याला कोपऱ्यात डकवलेली डक्ट टेप! आकडे कुणाच्या लक्षात राहिले नसतील, ते चित्र राहिलं.

१६ जुलैला अॅपलचे तेव्हाचे प्रमुख स्टीव्ह जॉब्स पत्रकारांपुढे आले. आकडे मांडले: अँटेनाबद्दल फोन करून तक्रार करणारे ग्राहक ०.५५ टक्के. अमेरिकेत तेव्हा आयफोनला नेटवर्क देणाऱ्या एटीअँडटी या मोबाइल कंपनीकडे फोन परत करणारे १.७ टक्के, तेच ३जीएसच्या वेळी ६ टक्के. मध्येच कॉल कट होण्याचं प्रमाण ३जीएसपेक्षा जास्त, पण शंभर कॉलमागे एकाहूनही कमीनं. मला यातला शेवटचा आकडा सगळ्यात प्रामाणिक वाटतो, कारण तो कंपनीच्या विरोधात जातो. पण तो सरासरी आहे हे विसरू नका. टॉवरजवळच्या हजारो लोकांचे कधीही न तुटणारे कॉल त्यात मिसळलेत. ज्याच्या स्वयंपाकघरात आधीच कशीबशी रेंज आहे त्याला सरासरीचं काय कौतुक? आणि ०.५५ टक्के म्हणजे तोवर विकलेल्या ३० लाखांतले साधारण साडेसोळा हजार लोक. शिवाय कॉल कट झाला की बहुतेक जण नेटवर्कला शिव्या घालून परत नंबर फिरवतात, तक्रार करायला बसत नाहीत.

त्याच कार्यक्रमात ब्लॅकबेरी बोल्ड ९७००, एचटीसीचा ड्रॉइड एरिस आणि सॅमसंगचा ओम्निया २ हातात आवळून त्यांच्याही दांड्या कशा पडतात ते दाखवलं गेलं. हे म्हणजे शब्दशः हात दाखवून अवलक्षण. ब्लॅकबेरीवाल्यांनी लगेच सुनावलं की आमच्या ग्राहकांना रेंजसाठी कव्हर घालावं लागत नाही. नोकियानं म्हटलं की दिसणं आणि अँटेना यांत झगडा झाला तर आम्ही अँटेनाच्या बाजूनं उभे राहतो. आणि मुख्य म्हणजे तपासलं काय? दुसऱ्यांच्या फोनच्या दांड्या! स्वतःच्या दांड्या चुकीच्या आहेत हे पंधरा दिवसांपूर्वी लेखी कबूल करून.

तरी त्या दिवशी एक योग्य गोष्ट झाली. एरवी २९ डॉलरला विकलं जाणारं बंपर (फोनच्या कडेभोवती बसणारं कव्हर), किंवा दुसरं एखादं कव्हर, ३० सप्टेंबरपर्यंत सगळ्यांना फुकट जाहीर झालं, आणि ज्याला नको त्याला पूर्ण पैसे परत. हे २५ जूनला केलं असतं तर आज तुम्ही हा प्रश्न विचारला नसता. फेब्रुवारी २०१२ मध्ये अमेरिकेतल्या सामूहिक दाव्यात तडजोड झाली, १५ डॉलर किंवा फुकट बंपर. दीड-पावणेदोन वर्षं साठवलेल्या रागाची किंमत म्हणून तसे फार नाहीत, पण मी वकील नाही.

आता ‘फुगवलेलं होतं का’ याबद्दल. फोन मोडीत काढण्याइतका दोष नव्हता, आणि लोकांनीही तो तसा मानला नाही; हे मॉडेल २०१३ च्या सप्टेंबरपर्यंत विकलं जात होतं. पण दोष नव्हताच असं म्हणणाऱ्यांना मी एकच विचारतो: मग बदललं का? फेब्रुवारी २०११ ला व्हेरायझन या अमेरिकेतल्या दुसऱ्या मोबाइल कंपनीसाठी आलेल्या आयफोन ४ मध्ये फटींच्या जागा वेगळ्या होत्या. ऑक्टोबर २०११ च्या ४एस मध्ये फोन दोन अँटेनांमधून जी चांगली चालत असेल ती निवडू लागला. हात एकीवर आला तर दुसरी. धातूच्या कडेचीच अँटेना करायची ही कल्पना मात्र टिकली, आजचे कितीतरी फोन तसेच असतात. फक्त आता आतलं सर्किट हाताप्रमाणे जुळवणी बदलत राहतं.

स्वतःच्या फोनवर बघायचं असेल तर दांड्यांकडे पाहू नका. अँड्रॉइडमध्ये सेटिंग्जमध्ये फोनच्या माहितीत सिमच्या स्थितीखाली सिग्नलचा डीबीएम आकडा बहुधा सापडतो. रेंज आधीच कमी असेल अशा जागी बसा. फोन टेबलावर ठेवून मिनिटभर आकडा बघा. तो आपोआप चार-पाचनं वर-खाली होत राहील, तेवढं सोडून द्या. मग डाव्या हातात घ्या, मिनिटभर थांबा, परत बघा. मग उजव्या हातात. माझ्या सध्याच्या फोनवर फरक आठ-दहाच्या आसपास येतो, आणि तो कव्हरमध्ये आहे.