पासवर्ड बदलला, पण पत्रे कुठे जातात?

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका आहे. गेल्या आठवड्यात ‘नवीन उपकरणावरून साइन-इन झाले’ अशी सूचना माझ्या जीमेलवर आली होती. ती जाहिरात समजून मी सोडून दिली. परवा नणंदेचा फोन आला, “वहिनी, तू दवाखान्यात आहेस का?” माझ्या नावाने पैसे मागणारी पत्रे अनेक नातलगांना गेली असून धाकट्या दिरांनी दहा हजार रुपये पाठवूनही दिले. मी लगेच पासवर्ड बदलला. तरीही बँकेचे मासिक विवरणपत्र या वेळी आलेले नाही. माझे काही चुकले का?
– एक वाचक भगिनी, सातारा

उत्तर : पुढचे वाचण्याआधी दिरांना फोन करा. पैसे त्यांच्या खात्यातून गेले आहेत, म्हणून व्यवहार क्रमांक हाताशी ठेवून त्यांनीच आपल्या बँकेला आणि 1930 या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनला कळवावे. रक्कम पुढच्या खात्यांत फिरवली जाण्यापूर्वी ती गोठवता येण्याची शक्यता असते, म्हणून इथे एकेक तास मोलाचा आहे.

आता आपल्या खात्याकडे वळू. पासवर्ड बदललात हे योग्यच केलेत, पण न आलेले विवरणपत्र मला अधिक अस्वस्थ करते. खात्यात शिरलेला माणूस बहुधा जाताना एखादा फिल्टर लावून ठेवतो, म्हणजे ज्या पत्रात ‘बँक’ किंवा ‘ओटीपी’ असा शब्द असेल ते इनबॉक्समध्ये न येता परस्पर कचरापेटीत जावे किंवा त्याच्या पत्त्यावर फॉरवर्ड व्हावे, असा नियम. पासवर्ड बदलला तरी हा नियम जागचा हलत नाही. मोबाइलच्या जीमेल ॲपमध्ये ही फिल्टरची यादी दिसत नाही, त्यामुळे विश्वासातल्या संगणकावर ब्राउझरमधून जीमेल उघडून सेटिंग्जमध्ये ‘फिल्टर’ आणि ‘फॉरवर्डिंग’ ही दोन्ही पाने पाहावी लागतील. तिथे आपण न केलेले काही आढळले, तर आधी त्याचा फोटो काढून ठेवा आणि मगच ते काढून टाका. तक्रारीत तो पुरावा ठरेल. कचरापेटीतली पत्रे 30 दिवसांनी आपोआप नाहीशी होतात, म्हणून तीही आजच चाळा. त्याच सेटिंग्जमध्ये उत्तरे कोणत्या पत्त्यावर जावीत, हेही बदललेले असू शकते. तसे असल्यास नातलगांनी काळजीने पाठवलेली उत्तरे आपल्याला न मिळता थेट त्या चोराला मिळत असतील.

त्यानंतर गूगल खात्याच्या ‘सुरक्षा’ विभागात जाऊन पुनर्प्राप्तीसाठी, म्हणजे खाते परत मिळवण्यासाठी, दिलेला फोन नंबर आणि ईमेल आपलेच आहेत ना, हे अंक न् अंक वाचून पाहा. तिथे परका नंबर राहिला, तर चोर उद्या त्याच नंबरच्या आधारे पुन्हा आत येऊ शकेल. अनोळखी उपकरणे साइन-आउट करा, ज्यांना आपण परवानगी दिल्याचे आठवत नाही अशा ॲपचा प्रवेश काढून घ्या आणि पासवर्ड आणखी एकदा बदला. मात्र ज्या संगणकावर नुकतेच एखादे अनोळखी सॉफ्टवेअर उतरवले असेल, त्यावरून हे काहीही करू नका. तसे सॉफ्टवेअर नवा पासवर्डही टिपू शकते.

जुना पासवर्ड आणखी कुठे वापरला असेल, तर तिथेही तो बदला. मग द्विस्तरीय पडताळणी, म्हणजे पासवर्डनंतर ओळखीची दुसरी खूणही मागणारी सोय, सुरू करा. तिथे मिळणारे, फोन हाताशी नसताना वापरायचे दहा बॅकअप कोड कागदावर उतरवून कपाटात ठेवा, ईमेलमध्ये ठेवू नका.

दुसऱ्याची ओळख अशी वापरणे हा माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 च्या कलम 66 सी नुसार गुन्हा असून त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात आपणही स्वतंत्र तक्रार नोंदवा. सूचना वेळेवर ओळखली नाही, याचा संकोच मनात ठेवू नका आणि ती सूचना खोडूही नका, कारण साइन-इनची वेळ तिच्यातच नोंदलेली आहे.