अमेरिकेत डाव्या विचारांचे सिनेटर बर्नी सँडर्स यांचे समर्थक स्वतःच्याच डेमोक्रॅटिक पक्षनेतृत्वावर इतके नाराज का असतात?

मुख्य कारण २०१६ ची राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी, जिच्यासाठी सँडर्स आणि हिलरी क्लिंटन यांच्यात पक्षांतर्गत लढत होती. तेव्हा उमेदवार ठरवणाऱ्या पक्षाच्या अधिवेशनात मत असलेले सातशेहून अधिक ‘सुपरडेलिगेट’, म्हणजे पक्षाचे खासदार, गव्हर्नर, पदाधिकारी, मतदारांच्या कौलाला बांधील नव्हते. त्यातले शेकडो जण मतदान सुरू होण्याआधीच हिलरी क्लिंटन यांच्या बाजूने होते. जुलैत फुटलेल्या ईमेलमधून पक्षाच्या राष्ट्रीय समितीतल्या काहींचा सँडर्सविरोध दिसला आणि अध्यक्षा डेबी वॉसरमन शुल्ट्झ यांना पायउतार व्हावं लागलं. क्लिंटन यांना लाखो मतं जास्त होती हे खरंच. पण पंचच एका बाजूचा वाटला की निकाल पटत नाही.

२०१८ मध्ये नियम बदलला: चुरस असेल तर अधिवेशनातल्या मतदानाच्या पहिल्या फेरीत सुपरडेलिगेटांना मत नाही. ही कार्यकर्त्यांची मोठी कमाई, असं मला वाटतं. २०२० मध्ये मात्र ‘सुपर ट्यूसडे’च्या, म्हणजे अनेक राज्यांत एकाच दिवशी होणाऱ्या पक्षांतर्गत मतदानाच्या, तोंडावर बुटिजेज आणि क्लोबुशार हे इच्छुक उमेदवार माघार घेऊन बायडन यांच्यामागे उभे राहिले. ते नियमात बसणारं होतं, तरी सँडर्स यांच्या अनेक समर्थकांना ते पचलं नाही.