डब्ल्यूगेटला '>' लावूनही लॉग फाइल रिकामी का राहते?

तुमच्या '>' मध्ये चूक नाही. डब्ल्यूगेट, म्हणजे कमांड देऊन फाइल उतरवणारा प्रोग्राम, टक्केवारी, वेग, उरलेला वेळ हे सगळं स्टँडर्ड एररवर (सूचना-चुकांच्या वेगळ्या वाटेवर) टाकतो आणि '>' पकडून फाइलमध्ये घालतं ते स्टँडर्ड आउटपुट, म्हणजे नेहमीची वाट. म्हणून फाइल शून्य बाइटची आणि आकडे स्क्रीनवर. '>' च्या आधी दोनचा आकडा (तो स्टँडर्ड एररचा नंबर) चिकटवा, झालं काम. मध्ये जागा सोडू नका, नाहीतर त्या दोनलाच डब्ल्यूगेट वेबचा पत्ता समजून शोधत बसतो.

मी मात्र डब्ल्यूगेटचाच ऑप्शन वापरतो: हायफन, छोटा ओ, पुढे लॉगचं नाव. छोटाच हं! सात रस्त्याजवळ माझं चादरी-टॉवेलांच्या डिझाइनचं दुकान आहे. एका रात्री शटर ओढायच्या घाईत कॅपिटल ओ दाबला गेला. त्याचा अर्थ 'उतरवलेली फाइलच या नावाने ठेव'. सकाळी लॉग म्हणून डबल क्लिक केलं आणि एडिटर जो गोठला तो गोठलाच. ४ जीबीची आख्खी आयएसओ (डिस्कची प्रत असलेली फाइल) त्या नावाखाली बसली होती! नाव बदलून वापरली म्हणा, पण तोवर दोन चहा झाले.

छोटा ओ दर वेळी जुना लॉग पुसतो. आमच्याकडे मे महिन्यात रात्री लाइट जाते, मग एकच डाउनलोड तीन-तीनदा सुरू करावं लागतं. तेव्हा ओ ऐवजी छोटा ए, म्हणजे नवा मजकूर जुन्याखाली जोडला जातो, आणि सोबत छोटा सी, म्हणजे अर्धवट फाइल पुढे चालू होते. किती टक्क्यांवर तुटलं, परत किती वाजता लावलं, सगळं एकाच लॉगमध्ये.

लॉग फाइलमध्ये स्क्रीनसारखी सरकती पट्टी नाही, ठिपके येतात. एक ठिपका १ केबीचा, ओळीत ५०. म्हणजे ४ जीबीला ऐंशी हजारांवर ओळी! प्रोग्रेसच्या ऑप्शनला 'डॉट:गिगा' द्या, ओळीला ३२ एमबी पडतात आणि सव्वाशेएक ओळींत भागतं.

कर्ल या तशाच दुसऱ्या प्रोग्रामचंही तेच, स्टँडर्ड एरर. फक्त तो ओळ न बदलता कॅरिज रिटर्न (ओळीच्या सुरुवातीला परत नेणारं चिन्ह) टाकत जातो, त्यामुळे आकडे एकाच ओळीत चिकटतात. 'टीआर' या अक्षरं बदलणाऱ्या कमांडने त्या कॅरिज रिटर्नच्या जागी नवी ओळ घाला.

चालू असताना बघायचं तर दुसऱ्या टर्मिनलवर 'टेल' या फाइलचा शेवट दाखवणाऱ्या कमांडला छोटा एफ लावून लॉग उघडा. बंद करताना कंट्रोल-सी टेलच्याच टर्मिनलवर दाबताय ना, तेवढं बघा, नाहीतर डाउनलोडच थांबेल.