अलिबाग–मुरुड किनाऱ्यावर ऐतिहासिक स्थळे आणि निसर्ग पाहण्यासाठी दोन दिवस कसे आखावेत?

सत्तरीचे आई-वडील आणि शाळकरी मुले बरोबर असताना, केवळ समुद्रस्नान न करता किल्ले, जुनी गावे आणि थोडे जंगल पाहायचे असेल तर डिसेंबरातील दोन मुक्कामांत अलिबाग ते मुरुड या पट्ट्यात काय पाहावे, असा आपला प्रश्न आहे. माझे सासर याच तालुक्यात असल्यामुळे येथे वारंवार जाणे होते. त्या अनुभवावरून सांगते की हा कार्यक्रम अंतरांवरून आखू नये, कारण अलिबागहून मुरुड जेमतेम पन्नास किलोमीटर आहे. तो भरती-ओहोटीच्या वेळांवरून आखावा.

कुलाबा किल्ला अलिबागच्या किनाऱ्यासमोर खडकावर उभा आहे आणि ओहोटीला, म्हणजे स्थानिक बोलीत सुकतीला, तेथे पायी जाता येते. सुकती केव्हा असेल याचा कोकणातला जुना हिशोब सोपा आहे: त्या दिवशीच्या तिथीची पाऊणपट करावी, जो आकडा येईल त्या सुमारास पूर्ण भरती असते, आणि तिच्यापासून साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. चतुर्थीला तीनच्या सुमारास भरती, म्हणून सकाळी नवाच्या आसपास सुकती. अष्टमीला सुकती ऐन दुपारी येते खरी, पण ते दिवस भांगाच्या, म्हणजे कमी चढ-उताराच्या, भरतीचे असतात, त्यामुळे पाणी पुरेसे मागे हटत नाही आणि वाटेत गुडघाभर पाण्यातून चालावे लागू शकते. पौर्णिमा किंवा अमावास्येनंतरच्या द्वितीयेपासून पंचमीपर्यंतचे दिवस माझ्या मते सर्वांत सोयीचे, कारण उधाणाचा जोर असल्यामुळे पाणी खूप खाली जाते आणि सुकतीची वेळही सकाळी साडेसात ते दहाच्या दरम्यान पडते. हा हिशोब दिवस निवडण्यापुरता वापरावा, प्रत्यक्ष निघताना मात्र त्या दिवसाचे भरतीचे कोष्टक पाहावे किंवा किनाऱ्यावरच्या घोडागाडीवाल्यांना विचारावे. आई-वडिलांना ओल्या वाळूतून चालणे जमणार नसेल तर हीच घोडागाडी किल्ल्याच्या दारापर्यंत नेते.

या किल्ल्याचे काम शिवाजी महाराजांच्या अखेरच्या काळात सुरू झाले आणि संभाजी महाराजांच्या कारकिर्दीत पुरे झाले. पुढे तो आंग्र्यांच्या आरमाराचे मुख्य ठाणे बनला. मुलांना तटाचे दगड मुद्दाम दाखवावेत: मोठमोठे चिरे चुन्याशिवाय एकावर एक रचलेले आहेत, त्यामुळे लाटेचे पाणी फटींत शिरते आणि तिचा मारा ओसरतो. आत रघूजी आंग्रे यांनी १७५९ साली बांधलेले सिद्धिविनायकाचे मंदिर आणि गोड्या पाण्याची पुष्करिणी आहे. तटावरच्या चाकांच्या दोन तोफा मात्र इंग्रजी बनावटीच्या, १८४९ सालच्या आहेत. परतीची वेळ आधीच ठरवून ठेवावी, कारण पाणी चढू लागले की ते वाळूच्या सखल भागांतून दोन्ही बाजूंनी पाहता पाहता येते.

बहुतेक पर्यटक यानंतर थेट जंजिऱ्याकडे धावतात आणि या किनाऱ्याचा सर्वांत श्रीमंत भाग गाडीच्या काचेतून पाहतात. माझे मत विचाराल तर चौल, रेवदंडा आणि कोर्लई यांना निदान अर्धा दिवस द्यावाच. वाटेत आक्षी गावात शिलाहार राजा केसिदेवराय याच्या काळातील दानाचा शिलालेख आहे. बरेच अभ्यासक त्याचा काळ शके ९३४, म्हणजे इ. स. १०१२, असा मानतात आणि त्या हिशोबाने तो मराठीतील सर्वांत जुन्या शिलालेखांत गणला जातो. तो पाहायला पाच मिनिटे पुरतात. चौल हे प्राचीन बंदर असून ग्रीक लेखकांनी त्याचा उल्लेख केला आहे. आज तेथे बंदराची खूण शोधावी लागते, पण रामेश्वराचे मंदिर, त्याची पुष्करिणी आणि सभामंडपातील अग्निकुंड, वायुकुंड व पर्जन्यकुंड पाहण्यासारखी आहेत. पाऊस ओढ धरतो त्या वर्षी पर्जन्यकुंड उघडण्याची गावाची परंपरा आहे.

रेवदंड्याचा पोर्तुगीज कोट हा किल्ला म्हणून ओळखूच येत नाही, कारण सारे गाव आणि त्याच्या नारळी-पोफळीच्या वाड्या त्या तटाच्या आत वसल्या आहेत आणि रस्ताही तट भेदूनच जातो. वाड्यांमधून गेले की सातखणी नावाचा उंच मनोरा लागतो, त्याचे सगळे मजले आज उरलेले नाहीत. पंधराव्या शतकात रशियाहून निघालेला व्यापारी अफनासी निकितिन याच परिसरात उतरला होता, आणि त्याचे स्मारक रेवदंड्याच्या शाळेच्या आवारात आहे. खाडीचा पूल ओलांडला की कोर्लईचा डोंगर समुद्रात सरळ घुसलेला दिसतो. त्याच्या अरुंद धारेवर पोर्तुगीजांनी किल्ला बांधला, आणि वसईच्या पराभवानंतर १७४० साली चौल व कोर्लई दोन्ही मराठ्यांकडे आली. दीपगृहाच्या बाजूने पायऱ्या चढून मुलांना वर नेता येईल. आई-वडिलांनी दीपगृहापाशी थांबावे. कोर्लईतील ख्रिस्ती कुटुंबे आजही पोर्तुगीज आणि मराठी यांच्या मिश्रणातून झालेली स्वतःची बोली बोलतात. तिला ते ‘नौ लिंग’ म्हणतात, म्हणजे ‘आमची भाषा’.

दुसरा दिवस मुरुडसाठी ठेवावा. जंगल हवे असेल तर पहाटे सुपेगावहून फणसाड अभयारण्यात जावे. जंजिऱ्याच्या नवाबाचे हे शिकारीचे रान १९८६ साली अभयारण्य झाले. चिखलगाण, फणसाडगाण अशा पाणवठ्यांपाशी शांत बसल्यास शेकरू दिसण्याची शक्यता असते. उन्हे चढल्यावर जाण्यात अर्थ नाही.

जंजिऱ्याविषयी थोडे स्पष्ट सांगते. किल्ला अभेद्य होता हे खरे, संभाजी महाराजांनी १६८२ च्या सुमारास समुद्रात सेतू बांधून तेथवर पोहोचण्याचा प्रयत्न केला होता तरी तो सिद्दींकडेच राहिला आणि संस्थान विलीन होईपर्यंत त्यांच्याच ताब्यात होता. राजपुरीहून शिडाची होडी जवळ येईपर्यंत त्याचा दरवाजा दिसत नाही, हे मुलांना नक्की आवडेल. दरवाज्याजवळ पंजांखाली, जबड्यात आणि शेपटीत हत्ती पकडलेल्या वाघाचे शिल्प आहे, आणि वर कलाल बांगडी ही प्रचंड तोफ. परंतु होडीतून दरवाज्याच्या पायरीवर उतरताना होडी हलत असते, आणि आत फिरायला जेमतेम पाऊण तास मिळतो. गुडघेदुखी असलेल्या माणसाला मी तेथे नेणार नाही. त्याऐवजी आई-वडिलांना राजपुरीजवळच्या खोकरी येथे सिद्दी सरदारांच्या दगडी कबरी दाखवाव्यात. घुमटांवरचे जाळीकाम सुरेख आहे, गाडी अगदी जवळ जाते आणि गर्दी नसते. मुरुडसमोरच्या समुद्रात शिवाजी महाराजांनी बांधलेला पद्मदुर्ग दिसतो; तेथे नियमित होड्या जात नाहीत, त्यामुळे तो किनाऱ्यावरून पाहण्यावर समाधान मानावे.

काशीदचा किनारा वाटेतच आहे आणि मुले हट्ट धरतील. तेथे किनारा लवकर खोल होतो, म्हणून पोहणे टाळून घोट्याभर पाण्यापुरतेच जावे. मुंबईहून येणार असाल तर भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोटीने गाडीसह यावे. नाताळाच्या आठवड्यात तिचे आरक्षण फार आधी भरते, त्यामुळे डिसेंबरचा पहिला पंधरवडा आणि त्यातही द्वितीया ते पंचमी आठवड्याच्या मधल्या वारांना येत असेल ते दिवस निवडावेत.