ऑनलाइन स्वतःचं काम : वाचकांचे प्रश्न, मोकळी उत्तरं

मागच्या अंकात विचारलं होतं की ऑनलाइन स्वतःचं काम करावंसं वाटतंय पण पाय निघत नाही, असं कोणाकोणाचं होतंय, तर पत्रं आणि मेल धडाधड आले. बरेचसे प्रश्न सारखेच आहेत म्हणून काहीच निवडलेत, आणि लांबलचक पत्रांना कात्री लावलीये, रागवू नका.

प्रश्न : ताई, जो तो उठतो आणि सांगतो नोकरी सोड, ऑनलाइन काम कर, स्वतःची मालकीण हो. मी अकाउंट्सचं काम करते, ऑफिसला वैतागलेय हे खरंय, पण नक्की फायदा कसला ते कोणी धड सांगत नाही. वेळेचं स्वातंत्र्य म्हणतात, पण ओळखीतले असं काम करणारे तर रविवारीपण लॅपटॉपला चिकटलेले दिसतात. मग?
– आकडेमोडीत अडकलेली

उत्तर : तुम्ही बरोबर ठिकाणी बोट ठेवलंत. फायद्यांची जी यादी सगळीकडे फिरत असते ना, तिच्यातले अर्धे फायदे हे घरून नोकरी करण्याचे असतात, स्वतःच्या कामाचे नाहीतच. प्रवास वाचतो, हा सगळ्यात लाडका मुद्दा. वाचतोच, आणि भरपूर वाचतो, रोज जाऊन येऊन दीड तास धरा, वर्षाचे कामाचे दिवस २४० धरा, तर ३६० तास झाले, म्हणजे आठ-आठ तासांचे ४५ दिवस नुसते रस्त्यावर! पण कंपनीने घरून काम करायला दिलं तरी हे वाचणारच की, त्यासाठी राजीनामा कशाला द्यायचा.

माझ्या मते स्वतःच्या कामाचा खरा फायदा एकच, आणि तो म्हणजे एखाद्याला नाही म्हणता येणं. तुमच्याच कामाचं बघा. महिनाअखेर आलीये, उद्या शेवटची तारीख आहे आणि रात्री अकरा वाजता एक क्लायंट व्हॉट्सअ‍ॅपवर बिलांचे फोटो पाठवतो, निम्मे तिरके, दोन अंधुक, एकावर अंगठा, आणि खाली "जरा बघून घ्या ना". नोकरीत हे बघून घ्यावंच लागतं कारण तो साहेबांचा जुना माणूस असतो. स्वतःचं काम असेल तर पुढच्या महिन्यापासून तुम्ही त्याला सांगू शकता की २५ तारखेनंतर आलेल्या कागदांचा चार्ज वेगळा, आणि नसेल पटत तर दुसरं कोणीतरी बघा. तो गेला तर गेला. पाच क्लायंट असतील आणि सगळ्यांकडून साधारण सारखे पैसे येत असतील तर एक गेल्याने २० टक्के जातात, ते टोचतं, पण घर बंद पडत नाही. नोकरी गेली की शंभरच्या शंभर टक्के एका मेलमध्ये जातात. लोक नोकरीला सेफ आणि याला रिस्की म्हणतात ते त्यामुळे मला अर्धवटच पटतं.

यात ऑनलाइनचा वाटा कुठे, तर हे पाच क्लायंट तुमच्या आसपास असायची गरज नाही. दुकान थाटायचं झालं तर जागा, डिपॉझिट, फर्निचर आलंच, इथे लॅपटॉप, बरं इंटरनेट, ते बंद पडलं तर दुसरी सोय आणि फायलींचा बॅकअप, एवढ्यावर सुरुवात होते, म्हणजे नाहीच जमलं तरी फार बुडत नाही. शिवाय क्लायंट आठ-दहा तास मागच्या वेळेत राहणारा असेल तर तो झोपलेला असताना तुमचं काम होतं आणि त्याला उठल्या उठल्या फाइल तयार मिळते, याचे लोक खुशीने पैसे देतात. आणि ज्यांना घरात कोणाचं आजारपण सांभाळायचंय किंवा स्वतःलाच फार हिंडताफिरता येत नाही, त्यांच्यासाठी तर हा फायदा बाकी सगळ्यांपेक्षा मोठा, कारण समोरचा तुमचं काम बघतो, तुम्ही कुठे बसून केलं ते त्याच्या गावीही नसतं.

रविवारचं म्हणाल तर ते लोक खोटं बोलत नाहीयेत. वेळेचं स्वातंत्र्य मिळतं पण ते आपोआप नाही, आधी नाही म्हणायची ताकद येते आणि मग तिच्यातून रविवार सुटतो. बहुतेक जण हे उलटं धरून बसतात.

प्रश्न : मी गेलं वर्षभर एकाच परदेशी कंपनीसाठी घरून ग्राफिक्स करतोय, पगारी नाही, महिन्याला इन्व्हॉइस देतो. दिवसभर त्यांच्या चॅटवर ऑनलाइन दिसावं लागतं, सुट्टी विचारून घ्यावी लागते. हे स्वतःचंच काम झालं ना?
– एकनिष्ठ

उत्तर : भाऊ, ही नोकरीच आहे, फक्त भरपगारी रजा, आजारपणाची रजा, विमा, निवृत्तीचे पैसे हे सगळं काढून घेतलेली. तोटे दोन्हीकडचे तुमच्या वाट्याला आणि फायदे त्यांच्या. कितीतरी देशांच्या कायद्यात यावर वाद चालतात की असा माणूस कामगार धरायचा की स्वतंत्र, आणि तिथे साधारण हेच बघतात की कामाची वेळ कोण ठरवतं, साधनं कोणाची, दुसरीकडे काम करायची मुभा आहे का. लगेच सोडा असं म्हणत नाही, नियमित पैसे येतायत ते चांगलंच आहे. पण आठवड्याचे चार-सहा तास काढून दुसरा एक छोटा क्लायंट धरा, पैसे थोडे मिळाले तरी चालतील. दुसरा आला की पहिल्याशी बोलतानाचा तुमचा आवाजच बदलतो, बघाल तुम्ही.

प्रश्न : दर किती लावायचा? मी पगाराला महिन्याच्या तासांनी भागून तोच तासाचा दर लावला, तर महिनाभर राबूनही पगाराएवढे पैसे होत नाहीयेत. कुठे चुकतंय?
– भागाकार

उत्तर : भागाकार बरोबर आहे हो, भाजक चुकलाय. नोकरीत ४० तासांचा आठवडा आणि ५२ आठवडे म्हणजे २०८० तासांचे पैसे मिळतात, त्यात सुट्ट्या आल्या, मीटिंगमध्ये काढलेल्या डुलक्या आल्या, सर्व्हर बंद पडला म्हणून मारलेल्या गप्पापण आल्या. स्वतःच्या कामात फक्त प्रत्यक्ष कामाचे पैसे. आता क्लायंट शोधणं, मेलची उत्तरं, कोटेशन, इन्व्हॉइस, थकलेल्या पैशांसाठी आठवण करणं, नवीन सॉफ्टवेअर शिकणं, हे सगळं फुकटातलं. दिवसभर बसूनही रोज पाच तास पैशाचे निघाले तर खूप झालं. म्हणजे आठवड्याला २५, आणि सुट्ट्या-आजारपण-कामाचा दुष्काळ मिळून सहा आठवडे सोडले तर ४६ आठवडे, झाले ११५० तास. २०८० भागिले ११५० म्हणजे १.८. त्यावर लॅपटॉपची झीज, सॉफ्टवेअरचे पैसे, कंपनी भरायची तो विमा. थोडक्यात पगारातून निघणाऱ्या तासाच्या दराची सरळ दुप्पट केली तर तुम्ही आत्ता आहात तिथेच राहाल. दुप्पट ऐकून दचकायला होतं पण हा लोभ नाहीये, बरोबरी आहे.

आणि जमेल तेव्हा तासाचा दर सोडून अख्ख्या कामाचे ठरवून पैसे घ्यायला लागा. तासावर पैसे घेतले की तुम्ही जसजसे तरबेज होता तसतसे पैसे कमी होतात, हा कसला न्याय! जे काम आधी सहा तासात व्हायचं ते आता दोन तासात होतंय तर ते चार तास तुमचे झाले पाहिजेत. नोकरीत तुम्ही लवकर काम संपवलं तर बक्षीस म्हणून अजून काम मिळतं, स्वतःच्या कामात लवकर संपवल्याचा फायदा खिशात येऊ शकतो, पण ठरलेल्या कामाचे ठरलेले पैसे घेतले तरच.

फक्त तेव्हा काय काय करून देणार आणि किती वेळा बदल करून देणार हे आधी लेखी हवं. "फक्त एक छोटासा चेंज" हे वाक्य आलं की सावध. त्यावर भांडायचं नाही, गोड शब्दात एवढंच लिहायचं : "नक्की करते. ठरलेले दोन बदल झालेत, हा तिसरा, याचे एवढे होतील, चालेल ना?" निम्म्या वेळेला तो चेंज लागतच नाही असं लक्षात येतं.

प्रश्न : फाइव्हर, अपवर्कसारख्या क्लायंट गाठून देणाऱ्या साइटवर काम घ्यावं का? कमिशन फार कापतात म्हणे.
– एक वाचक

उत्तर : कापतातच, फाइव्हर काम करणाऱ्याच्या कमाईतले २० टक्के ठेवतं. पण नवख्याला अनोळखी माणसाकडून पैसे मिळायची खात्री हवी असते ती तिथे बऱ्यापैकी मिळते, कारण ठरलेल्या रकमेच्या कामात क्लायंटचे पैसे आधी साइटकडे जमा होतात आणि मग काम सुरू होतं. त्यामुळे सुरुवातीला कमिशन म्हणजे क्लायंट शोधायची फी समजा.

मात्र तिथेच घर बांधू नका. तिथली तुमची प्रोफाइल, स्टार, रिव्ह्यू हे तुमचं नाही, त्यांचं. इलान्स आणि ओडेस्क अशा दोन साइट होत्या, २०१३ च्या शेवटी त्यांचं एकत्र यायचं ठरलं, २०१५ मध्ये अपवर्क असं नाव झालं, पुढे इलान्स बंदच केलं आणि लोकांना आपलं बस्तान उचलून तिकडे जावं लागलं. कमिशनचे नियमपण बदलत राहिले, २०१६ मध्ये एक पद्धत, २०२३ मध्ये दुसरी. आणि तिथला क्लायंट हळूच बाहेर काढून थेट पैसे घेऊ म्हणाल तर तसं करू नका, अपवर्कवर ओळख झाल्यापासून दोन वर्षं पैसे त्यांच्यामार्फतच घ्यायचे असा नियम आहे, पकडलं तर खातं बंद. त्यापेक्षा केलेल्या कामाचे नमुने, क्लायंटची परवानगी घेऊन, स्वतःच्या छोट्याशा वेबसाइटवर लावत चला.

प्रश्न : घरात असते म्हणून सगळ्यांना वाटतं मी मोकळीच आहे. पार्सल माझ्या नावावर, गॅस माझ्या नावावर, पाहुणे माझ्या नावावर. "तू घरीच असतेस ना" ऐकून कान किटले.
– घरीच असलेली

उत्तर : अगं, हे पत्र वाचून आमच्या अख्ख्या टीमने माना डोलावल्या. समजावून सांगून काही होत नाही हे तुला एव्हाना कळलंच असेल. लोकांना तुझं काम दिसत नाही कारण स्क्रीनकडे बघणं हे त्यांच्या लेखी टाइमपास असतं. मग दिसेल असं काहीतरी कर. कामाची जागा एकच ठेव, सोफ्यावरून पलंगावर फिरणारा लॅपटॉप कोणाला काम वाटत नाही. वेळ सांग, आणि "बिझी आहे" ऐवजी "साडेबाराला उठणार आहे, तेव्हा करते" असं सांग, कारण बिझी हा शब्द लोकांना ऐकूच येत नाही, घड्याळ ऐकू येतं. आणि महिन्याला किती पैसे आले ते घरात मोठ्याने बोल, त्यात लाजायचं काही नाही.

प्रश्न : दिवसदिवस कोणाशी बोलणंच होत नाही हो. याला काही उपाय?
– मुका

उत्तर : हा खरा तोटा आहे, उगाच गोड बोलून झाकत नाही. सीट्रिप या चिनी प्रवास कंपनीत निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला, कॉल सेंटरमधल्या लोकांना नऊ महिने घरून काम दिलं तर काम १३ टक्क्यांनी वाढलं, नोकरी सोडून जाणारे निम्म्यावर आले, पण प्रयोग संपल्यावर निवड करा म्हटलं तर घरून काम करणाऱ्यांपैकी जवळपास निम्मे ऑफिसला परत गेले, आणि कारण मुख्यतः एकटेपणा. ते पगारी लोक होते, त्यांना निदान साहेबाचा फोन यायचा. तुम्हाला तेही नाही. आठवड्यातून एक-दोन दिवस लायब्ररीत किंवा कोवर्किंगच्या जागेत, म्हणजे जिथे बसायला टेबल भाड्याने मिळतं तिथे, बसा, आणि आपल्याच कामातल्या दोन-तीन लोकांशी नियमित फोन ठेवा. त्यांच्याकडून जास्तीची कामंपण येतात, तो वेगळा फायदा.

प्रश्न : मी सेकंड इयरला आहे. एका ठिकाणी डेटा एंट्रीचं काम मिळतंय पण आधी रजिस्ट्रेशन फी भरायला सांगतायत, नंतर परत देणार म्हणे. भरू का?
– विद्यार्थी

उत्तर : नाही. काम देणारा पैसे देतो, मागत नाही. व्हिडिओ लाइक करा पैसे मिळवा वालेपण तसलेच, आधी थोडे देतात, मग मोठी रक्कम भरायला लावून गायब.

प्रश्न : तुमचा कॉलम वाचून मी उद्याच राजीनामा टाकतोय!
– उतावीळ

उत्तर : अहो थांबा! आधी नियुक्तीपत्र काढून वाचा, कितीतरी करारांमध्ये नोकरीत असताना बाहेरचं काम करायला बंदी असते, आणि कंपनीच्या क्लायंटकडे ठराविक काळ जायचं नाही असंही कलम असू शकतं. बंदी नसेल किंवा लेखी परवानगी मिळाली तर संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी एक-दोन क्लायंटची कामं करून बघा, पैसे हातात यायला किती दिवस लागतात ते त्यात कळेल, कारण काम संपल्याची तारीख आणि पैसे आल्याची तारीख यांच्यात महिना-दीड महिना सहज जातो. जे येईल त्यातला कराचा भाग लगेच वेगळ्या खात्यात टाका, तो तुमचा नाहीच समजा. सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला पडला की मग राजीनामा लिहा. आणि हो, हे सगळं स्वतःच्या लॅपटॉपवर, ऑफिसच्या नाही.