एकाच शास्त्रज्ञाने यकृतातलं औषध-चयापचय आणि प्रजननशास्त्र असे दोन लांबचे विषय का निवडले असतील?

तुम्ही लिहिलंय की नागपुरात प्राणिशास्त्राचं एम.एस्सी. संपत आलंय आणि ज्या मॅडमकडे पीएच.डी. करायचा विचार आहे, त्यांचे निम्मे पेपर यकृतावर तर निम्मे प्रजननावर आहेत. मित्र म्हणतात, ‘एक ना धड.’ मी इथल्याच एका फार्मसी कॉलेजात फार्माकॉलॉजी शिकवतो. मला तर ही यादी पाहून गाइड म्हणून त्या जास्त पटल्या. हे विषय वेगळे वाटतात, कारण आपण ते वेगवेगळ्या सेमिस्टरला शिकतो आणि परीक्षा झाली की विसरतो.

मुळात दोन्हीकडे राबणारं एन्झाइमांचं कुटुंब एकच आहे, सायटोक्रोम पी-450. हे नाव ओमुरा आणि सातो या जपानी शास्त्रज्ञांनी 1962 साली यकृताच्या मायक्रोसोममधल्या (पेशी फोडल्यावर मिळणाऱ्या पटलांच्या बारीक तुकड्यांमधल्या) एका रंगद्रव्याला दिलं, कारण कार्बन मोनॉक्साइड चिकटला की ते 450 नॅनोमीटरला प्रकाश शोषतं. माणसात या कुटुंबाची 57 जनुकं आहेत. त्यांतलं सीवायपी3ए4 (सीवायपी म्हणजे सायटोक्रोम पी-450चंच लघुरूप) यकृतात आणि आतड्यात बसून ढीगभर औषधं निकाली काढतं. सीवायपी11ए1 मात्र अंडाशयात, वृषणात आणि अधिवृक्क ग्रंथीत कोलेस्टेरॉलपासून प्रेग्नेनोलोन बनवतं, आणि सगळी लैंगिक संप्रेरकं पुढे त्यातूनच होतात. टेस्टोस्टेरॉनचं इस्ट्रोजेन करणारं अ‍ॅरोमाटेज म्हणजे सीवायपी19ए1. वंध्यत्वाच्या ओपीडीत सर्रास लिहून दिली जाणारी लेट्रोझोलची गोळी त्यालाच अडवते.

उंदरांवर काम करणाऱ्याला तर हा संबंध टाळताच येत नाही. निकोलस आणि बॅरन यांनी 1932 मध्येच नोंदवलं होतं की मादी रॅटला झोपवायला बार्बिट्युरेटचा नराच्या साधारण निम्मा डोस पुरतो. नराचं यकृत ते औषध भराभर फोडतं. नराचे वृषण काढले की हा वेग मंदावतो, टेस्टोस्टेरॉन दिलं की पुन्हा वाढतो. पुढे कळलं की यामागे वाढीच्या संप्रेरकाची लय आहे. नरात ते ठरावीक अंतराने उसळी मारतं, मादीत बऱ्यापैकी सलग पाझरत राहतं, आणि त्यानुसार यकृतात सीवायपी2सी11 बनायचं की सीवायपी2सी12 हे ठरतं. म्हणजे यकृतालाही लिंग असतं म्हणा ना! माणसात हा फरक इतका ठळक नाही. तरीही झोल्पिडेम या झोपेच्या गोळीचा बायकांसाठीचा डोस अमेरिकेने 2013 मध्ये 10 मिलिग्रॅमवरून 5 वर आणला.

आता उलट दिशा, म्हणजे यकृताचा प्रजननावर होणारा परिणाम, जी आपल्याकडे जास्त महत्त्वाची आहे. 1971 मध्ये जर्मनीतल्या डॉक्टरांच्या लक्षात आलं की टीबीसाठी रिफाम्पिसिन आणि सोबत गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांची पाळी बिघडतेय. कारण रिफाम्पिसिनमुळे यकृत जास्त सीवायपी3ए4 बनवू लागतं आणि गोळीतलं इथिनिल इस्ट्राडायोल काम करण्याआधीच साफ होतं. गोळी एकही दिवस न चुकवता दिवस जाऊ शकतात. हे घडतं कसं, याचा धागा 1998 मध्ये सापडला: पीएक्सआर नावाचा रिसेप्टर औषध ओळखतो आणि जनुक चालू करतो. नागपुरातल्या मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांच्या टीबी ओपीडीबाहेर तासभर उभे राहा, ज्यांना हे माहीत असायला हवं अशा कितीतरी तरुण मुली दिसतील. टीबीचं औषध मात्र यासाठी कधीही बंद करायचं नाही. डॉक्टरांशी बोलून कॉपर-टी किंवा अंतरा हे गर्भनिरोधक इंजेक्शन घेता येतं, त्यांच्यावर रिफाम्पिसिनचा फरक पडत नाही. कोर्स संपल्यावरही यकृताचा हा वेग लगेच ओसरत नाही, म्हणून आणखी चार आठवडे गोळीवर विसंबायचं नाही.

नागपूरकर आहात म्हणून एक अवांतर. ग्रेपफ्रूटचा रस आतड्यातलं सीवायपी3ए4 निकामी करतो आणि काही औषधांची रक्तातली पातळी चढते. हे वाचून दरवर्षी कुणीतरी विद्यार्थी विचारतोच, ‘सर, मग संत्र्याचं काय?’ ज्या फ्युरानोकुमारिनांमुळे हे होतं ती आपल्या संत्र्यात जवळजवळ नसतात. पपनसाबाबत मात्र जपावं.

प्रवेश घेण्याआधी मॅडमना दोन गोष्टी विचारा. त्या मादी उंदीर वापरतात का, आणि वापरत असतील तर प्रत्येक मादी ऋतुचक्राच्या कोणत्या टप्प्यात आहे हे नोंदवतात का? हे चक्र चार-पाच दिवसांचं असतं आणि योनीचा स्मिअर मायक्रोस्कोपखाली बघायला सकाळी लवकर प्राणिगृहात जावं लागतं. पुष्कळ प्रयोगशाळा ही कटकट नको म्हणून फक्त नर वापरतात आणि निष्कर्ष मात्र सगळ्यांना लावून मोकळ्या होतात. दोन्ही उत्तरं ‘हो’ असतील तर बाकी यादी बघू नका, फॉर्म भरा. आणि स्मिअर बघायला आत्तापासूनच शिकून घ्या, नंतर गाइडला वेळ नसतो.