डी ड्राइव्हवर ठेवलं म्हणजे बॅकअप झाला का?

प्रश्न : मी पंचवटीत राहून लहान वेबसाइट बनवतो. द्राक्ष बागाईतदार, लॉजवाले, क्लासेस असे ग्राहक आहेत. सगळं काम लॅपटॉपच्या डी ड्राइव्हवर असतं, तो फोल्डर गुगल ड्राइव्हला सिंक आहे. सराफ बाजारातल्या ऑफिसात कॉम्प्युटरला एक हार्ड डिस्कही कायम जोडलेली असते. एवढं पुरे ना?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : पुरे नाही. विंडोज बिघडून सी फॉरमॅट मारला तर डी वाचतो, हे खरं. पण बहुतेक लॅपटॉपमध्ये सी आणि डी हे एकाच डिस्कचे दोन वाटे असतात. डिस्कच बसली की दोन्ही गेले.

सिंकमध्ये इकडे फाइल उडवली की तिकडूनही उडते. गुगल ड्राइव्हच्या ट्रॅशमध्ये ती 30 दिवस राहते. ग्राहक मात्र चार महिन्यांनी फोन करून ‘ती जुनी गॅलरीच परत लावा’ म्हणतो. कोडसाठी गिट, म्हणजे प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर, शिकून घ्या. लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम सुरू करणाऱ्या लिनस टोरव्हाल्ड्स यांनी 2005 मध्ये ते लिनक्सच्या कामासाठी लिहिलं. जुनी प्रत्येक अवस्था परत काढता येते, आणि ‘फायनल’, ‘फायनल न्यू’, ‘फायनल खरं’ ही फोल्डरांची वरात थांबते. रेपो (गिटने सांभाळलेला कामाचा फोल्डर) गिटहब या साइटवर ठेवा, पण खासगी, आणि पासवर्ड असलेली फाइल त्यात चढवू नका.

तुमच्या पत्रात डेटाबेसचा उल्लेखच नाही, मला खरी काळजी त्याची वाटते. वर्डप्रेस या साइट बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये फोटो अपलोड्स फोल्डरमध्ये जातात, पण पानांचा मजकूर, सेटिंग्ज, युजर हे सगळं डेटाबेसात असतं. फोल्डर कितीही जपलात तरी त्याच्याविना साइट उभी राहत नाही. पीएचपी-मायअॅडमिन या डेटाबेस हाताळायच्या साधनात एक्सपोर्ट दाबलं की त्याची प्रत एसक्यूएल फाइल म्हणून मिळते. लॉजचं बुकिंग साइटवरून होत असेल तर ती रोज काढा, बागाईतदाराची आठवड्याला चालेल.

आता ऑफिसातली डिस्क. कायम जोडलेली असल्याने रॅन्समवेअर (फाइली लॉक करून खंडणी मागणारा व्हायरस) शिरलं तर तीही लॉक होणार. काम झालं की काढून ठेवा. शिवाय गंगापूर धरणातून विसर्ग वाढला, गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीला पाणी लागलं की सराफ बाजारात काय धावपळ उडते, हे मी तुम्हाला सांगायला नको. तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी, असा या धंद्यातला नियम आहे. पंचवटी आणि सराफ बाजार म्हणजे नदीचे दोन काठ, पूर एकच. एखादी डिस्क सिडकोत किंवा इंदिरानगरला नातेवाइकांकडे ठेवा.

आणि बॅकअप उघडून बघा. जानेवारी 2017 मध्ये गिटहबसारखीच सेवा देणाऱ्या गिटलॅब कंपनीच्या इंजिनिअरकडून चालू डेटाबेस उडाला. बॅकअपच्या पाच व्यवस्था होत्या, भरवशाची एकही निघाली नाही. डेटाबेसची रोजची प्रत तर कधीपासून बनतच नव्हती, आणि तसं कळवणारे ई-मेल कुणापर्यंत पोहोचत नव्हते. सुमारे सहा तासांपूर्वी कुणीतरी हाताने घेतलेल्या स्नॅपशॉटवर, म्हणजे त्या क्षणाच्या प्रतीवर, निभावलं. एवढ्या मोठ्या कंपनीचं हे, तर आपलं काय! दर महिन्याला एका ग्राहकाची साइट दुसऱ्या कॉम्प्युटरवर झॅम्प (आपल्याच कॉम्प्युटरवर साइट चालवायचं सॉफ्टवेअर) टाकून बॅकअपमधून उभी करा. लॉगिन होतंय का, फोटो दिसतात का, मराठी अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं तर येत नाहीत ना, हे पाहा.

जाता जाता : बॅकअपची झिप सर्व्हरवरच्या पब्लिक-एचटीएमएल या सगळ्यांना उघड्या फोल्डरमध्ये सोडू नका. नाव ओळखता आलं तर ती कुणीही डाउनलोड करतो, आत डेटाबेसच्या पासवर्डसकट.